फुलासकट उपटलेलं गवत

आमचं रान गायरानातलं. सातबारा आमच्या नावावर नाही. दर हंगामाला रान पेरलेलं दिसतं, एवढाच आमचा पुरावा. पडीक दिसलं की दुसरं कुणी नांगर घालणार, हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक आहे. घरात जमीन हक्काच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. जमीन कोण कोण बळकावतं ते मी त्यांत वाचलं. गवताचं नाव कुठंच नव्हतं.

गाजर गवत आधी भोकरदनच्या रस्त्याकडेला होतं. गाजरासारखी पानं, बारीक पांढरी फुलं. मग ते बांधावर आलं. आई दुसऱ्यांच्या रानात निंदणीला जाणारी. स्वतःच्या रानात काडी राहू द्यायची नाही. तिनं ते फुलासकट उपटलं. आमच्याकडे उपटलेलं काही फेकत नाहीत, म्हणून भारे उकिरड्यावर गेले. उन्हाळ्यात तेच खत तिनं रानभर पसरलं.

शेजारची काकू बांधावरून म्हणाली, "बाई, तुहं रान म्हंजे सारवलेली ओसरी हाय. सुनंला दाखवायला आणते."

"आण की. तिकीट लावते," आई म्हणाली.

पाऊस पडला आणि सोयाबीनच्या आधी गाजर गवत उगवलं. जिथं जिथं खत पडलं तिथं दाट. उकिरड्यात बी कुजलंच नव्हतं. तरोटा, ज्याची आम्ही भाजी करायचो, तो बांधावरून गेला. हरळीही गेली. शेळ्या वास घेऊन मागं फिरायच्या. आई पुन्हा उपटायला बसली. तिचे हात चिरले, पापण्या सुजल्या, धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, त्या गवताजवळ जायचंच नाही.

"मंग रान काय डॉक्टर निंदणार हाय?" परतताना एसटीत ती म्हणाली. मला हसू आलं नाही. गाडीच्या खडखडाटातही तिच्या छातीतली घरघर ऐकू येत होती.

मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून एकटीच उपटू लागले. गावातला एक ट्रॅक्टरवाला रोज बांधाशी थांबायचा.

"पडीक टाकलं काय औंदा?"

"पेरलंय."

"दिसून तर न्हाई राह्यलं," तो म्हणाला आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत राहिला.

त्यानंतर मला झोपेतही ते गवत वाढताना दिसायचं.

एका सकाळी मान वर केली तर सोयाबीनच्या पलीकडच्या ओळीत आई. नाकातोंडाला पदर, हात उघडे.

"घरी जा!" मी ओरडले.

"तू बी जा म्हणती, त्यो ट्रॅक्टरवाला बी जा म्हणतो. कुणाकुणाचं ऐकू?"

एवढं बोलून ती खोकत खाली वाकली. खोकला थांबला, पण श्वास येईना. मी धावले. मग आला, शीळ घातल्यासारखा बारीक. तिनं माझा हात बाजूला केला आणि पुढचं झाड मुळाशी धरलं. त्याला फूल आलं होतं.