सोडलेली अकरा पानं

भिकुबाईंना ते पुस्तक सापडलं फ्रिजच्या पायाखाली. फ्रिज एका बाजूला कलंडत होता, म्हणून त्यांच्या सुनेनं, हेमांगीनं, तिला बीएला अभ्यासाला असलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी तिथं सारली होती. भिकुबाईंनी फ्रिजखाली अर्धी वीट सरकवली, पदरानं पुस्तक पुसलं आणि ओसरीवर चष्मा चढवून बसल्या.

"आई, ती वाचू नका हो, डोकं दुखेल," धुळ्याची हेमांगी म्हणाली. "मीसुद्धा गाईडवर पास झालेय."

हे ऐकल्यावर भिकुबाई ते पुस्तक सोडतील कशाला? धरणगावजवळच्या या खेड्यात सातवी पास झालेली त्यांच्या वयाची बाई दुसरी नव्हती, आणि याची आठवण त्या गावाला अधूनमधून करून देत. पण खरं सांगायचं तर मराठी ही त्यांची शाळेतली भाषा. घरात, शेतात, भांडणात आणि झोपेत बरळतानाही अहिराणी. त्यात ही कादंबरी पेशवाईतली. पानोपानी खलिते, जासूद, हुजूर, रवानगी. पहिल्या दहा पानांना त्यांना आठवडा लागला. एकेक वाक्य त्या तीनदा वाचत, मग मनातल्या मनात अहिराणीत सांगून बघत. सांगता आलं की कळलं, नाही आलं की पुन्हा मागे. हट्टी बाई! ज्या हट्टानं नवरा गेल्यावर त्यांनी मुलाला, भूषणला, शिकवून नरडाण्याच्या कारखान्यात लावला, त्याच हट्टानं त्या पेशवाईत शिरल्या.

कापूस वेचणी सुरू झाली तशी गोष्टही शेतात गेली. कमरेला झोळी बांधून आठ-दहा बाया शेजारशेजारच्या ओळी धरत, आणि सकाळी वाचलेली दोन-चार पानं भिकुबाई अहिराणीत सांगत. सुभानजी नावाचा एक बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार. त्याची बायको सगुणा. तो मोहिमेवर गेलेला, ती गढीखालच्या वस्तीत वाट बघत बसलेली. बायांना गोष्टीची अशी चटक लागली, की भिकुबाईंची ओळ मागे पडू नये म्हणून मंजुळाबाई दोन्ही हातांनी त्यांचीही बोंडं वेचून देई. मुकादम कुरकुरला, तर त्यालाच सगळ्यांनी गप्प केलं.

सगळ्यात जीव गुंतला तो सुगंधाबाईचा. तिचा नवरा पुना चौदा वर्षांपूर्वी सुरतेला लूमवर गेला तो गेलाच. ना फोन, ना चिठ्ठी. सुगंधाबाई अजून ठसठशीत कुंकू लावायची. चार घरची कामं करून तिनं पोरीचं लग्न लावलं, आणि पत्रिकेवर बापाचं नाव जिवंत माणसाचं असतं तसंच छापलं. ती रोज ओळीत येताच विचारी, "अक्का, सुभानजी घर उना का?" घरी आला का?

आणि इथेच भिकुबाईंनी घोटाळा केला. तीनशेव्या पानाच्या पुढे एक प्रकरण होतं, अकरा पानांचं. नुसती छावणीतली पत्रं. बारीक टाइप, पूर्णविरामाचा पत्ता नाही, कुणी कुणाला लिहिलंय तेही धड कळेना. दोन दिवस त्यांनी डोकं फोडलं. शेवटी म्हणाल्या, पत्रंच तर आहेत, गोष्ट थोडीच आहे! आणि अकरा पानं ओलांडून पुढे गेल्या.

पुढच्या प्रकरणात दरबार होता, लग्न होतं, सुभानजी मात्र नव्हता. सुगंधाबाई तर रोज विचारणार. मग भिकुबाईंनी पदरचं घातलं. "वाटमा शे. तापीले पूर उना." दुसऱ्या दिवशी, "घोडा लंगडस, पायी चाली ऱ्हायना." आठ दिवस त्यांनी सुभानजीला चालवलं, आणि तो इतका छान चालला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटू लागलं.

"बुकमा लिखेल शे?" सुगंधाबाई विचारी.

"लिखेल शे," भिकुबाई म्हणत.

नवव्या दिवशी सकाळी, चहा निवत असताना, सगुणा पुस्तकात परत आली. पांढऱ्या कपाळानं.

भिकुबाईंनी चहा तसाच बाजूला सारला. त्या मागे गेल्या, सोडलेल्या अकरा पानांवर. या वेळी त्यांनी हेमांगीला जवळ बसवलं आणि ओळ न् ओळ पिंजून काढली. सातव्या पत्रात तो होता. दाण्याच्या आणि तंबूंच्या हिशोबामध्ये, अर्ध्या ओळीत: "घोडी नऊ, माणूस पाच ठार जाहले, पैकी सुभानजी बारगीर." घोडी आधी, माणसं नंतर. भिकुबाईंना लिहिणाऱ्या कारकुनाचा असा संताप आला, की तो समोर असता तर त्याची धडगत नव्हती.

"आई, तुम्ही कशाला रडता? गोष्टच आहे," हेमांगी म्हणाली. "आणि हे पुस्तक दुसरं कोण वाचणार आहे? येऊ द्या त्याला घरी. सुगंधामावशी खूश होतील."

सोपं होतं. भिकुबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं ते. पण त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं. चौदा वर्षं गाव सुगंधाबाईला हेच सांगत आलं होतं. सुरतेहून कुणीही आलं की म्हणायचं, पुना दिसला होता, तिथल्या उधन्याला दिसला, बरा आहे. दयेपोटीच म्हणायचे सगळे. एकदा सुरतेला लग्नाला जाऊन आल्यावर खुद्द भिकुबाईंनीही म्हटलं होतं, "पाठमोरा दिसला, पण तोच." पुढच्या महिन्यात सुगंधाबाई पोरीला घेऊन सुरतेला गेली, पाच दिवस उधन्याच्या गल्ल्या धुंडाळून परत आली, आणि भिकुबाईंना एका शब्दानं बोलली नाही. आणि आता पुस्तकाचा हवाला देऊन आपण पुन्हा तेच करतोय. भिकुबाईंना स्वतःची लाज वाटली.

शेतात सुगंधाबाईनं विचारलं तेव्हा त्या थांबल्या. "सुगंधा, तो मरी गया. कव्हयना मरी गया, छावणीनी चिठ्ठीमा लिखेल शे. मी ती पानं वाचीच नही, आनि तुले मनना मनथीन सांगं."

बायांचे हात थांबले. सुगंधाबाईनं झोळी सोडून बांधावर ठेवली. "आठ दिन तू माले खोटं सांगं, अक्का?" एवढंच बोलून ती घरी निघून गेली.

"आग लाव त्या बुकले," मंजुळाबाई म्हणाली. त्या दिवशी कुणी गोष्ट मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई कामावर आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. भिकुबाई तिच्या दाराशी दोनदा जाऊन कडी न वाजवताच परतल्या. कुठल्या तोंडानं बोलायचं? पुस्तक त्यांनी कोठीवर टाकून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात चपला वाजल्या. सुगंधाबाई आली होती, डोक्यावरून पार कपाळापर्यंत पदर ओढून. आमच्याकडे कुणी वारलं की बायका अशाच येतात. त्याला दारवर येणं म्हणतात. आत कुणी जात नाही, खुर्ची कुणी मागत नाही, दाराशी जमिनीवर बसायचं. सुगंधाबाई तशी उंबऱ्याजवळ बसली. हेमांगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो तिच्यापुढे ठेवून बाजूला झाली.

"ती चिठ्ठी वाच," सुगंधाबाई म्हणाली. "जशी लिखेल शे तशी. आपली भाषामा नको."

भिकुबाईंनी कोठीवरून पुस्तक काढलं, तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सातवं पत्र वाचलं. दाणा, तंबू, घोडी, माणसं. सुगंधाबाईला त्यातलं अर्धंही कळलं नसणार. पण ती मान खाली घालून ऐकत होती, मोठ्या कचेरीतला निकाल ऐकावा तसं.

"परत वाच. नाव शे तेवढंच."

भिकुबाईंनी पुन्हा वाचलं. सुगंधाबाईनं मान हलवली. "सगुणाले चिठ्ठी तरी उनी," ती म्हणाली.

आणि मग तिनं गळा काढला. दारवर आलेल्या बाया काढतात तसा, मोठ्यानं, छाती बडवत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या आणि दाराशीच थबकल्या. कारण ती सुभानजीचं नाव घेत नव्हती. पुनाचं घेत होती. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून गावानं कधीही ऐकलं नव्हतं. भिकुबाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि दोघी रडल्या. मग मंजुळाबाई येऊन बसली, आणि एकेक करून बाकीच्याही. चौदा वर्षं राहून गेलेलं दारवर त्या सकाळी झालं.

पाऊण तासानं सुगंधाबाई तांब्यातलं पाणी प्यायली, तिनं डोळे पुसले आणि पुस्तकाकडे बोट दाखवलं.

"मंग सगुणानी पुढे काय करं?"

"माले बी माहीत नही," भिकुबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि एकही ओळ न सोडता वाचायला सुरुवात केली.