तिच्या रीतीनं भरलेला डबा

काल बायकोचं कपाट उघडलं. ती गेल्यावर पहिल्यांदाच. साड्यांखाली माह्या हातचा लाकडी डबा निघाला, शेजारी चिंधीत बांधलेले त्याचे ठोकळे. झाकण सरकवलं तर सागवानाचा वास अजून तसाच.

लग्नाला वर्ष झालं असेल. मी सुतार. उरल्यासुरल्या लाकडाचे वेडेवाकडे सात ठोकळे कापले अन् ते मावतील एवढाच डबा केला. ठोकळे तिच्यापुढे ओतले. "बसवून दाखव. तुह्या डोक्याचं काम नाही."

तिचं माहेर काटोलचं, संत्र्याच्या पेट्या भरणारं. पोळ्या शेकता शेकता एका हातानं ठोकळे फिरवत राहिली. एक पोळी जळाली, पण झाकण लागलं.

मी उघडून पाहिलं. "मी बनवलं तसं नाही हे."

"झाकण लागलं ना? मंग काहून भांडून राहिले जी?" हसली अन् मी नीट पाहायच्या आत डबा उलटा करून ठोकळे ओतले. "आता तुम्ही माह्यासारखा भरा."

मले जमलं नाही. तिले कधीही विचारलं तर ती म्हणे, "हरलो म्हणा, मंग सांगतो." मी म्हटलं नाही. वाटे, सांगेलच कधीतरी.

माह्या रीतीनं डबा आताही चटकन भरता येते. पण काल तिची रीत शोधत बसलो. सुनेनं जेवायले हाक मारली, तरी एक ठोकळा बाहेरच होता.