माझ्या माघारीचा चहा

माझ्या माघारीच्या बैठकीचा चहा मीच केला होता. सहा कप. आलं जरा जास्त, कारण अण्णांना तसाच लागतो. अण्णा म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे सचिव. मी त्या शाळेत प्रयोगशाळेची परिचर. प्रयोगशाळा नावाला. झाडणं, पाणी भरणं, चहा करणं, सगळं त्यातच आलं.

ट्रे घेऊन ऑफिसात गेले, कप वाटले. निघाले तर अण्णा म्हणाले, "अगं, थांब." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. टाईप केलेला. 'घरगुती अडचणीमुळे मी माझा उमेदवारी अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे.' खाली माझं नाव. सही तेवढी बाकी होती.

मी म्हणाले, "अण्णा, घरी काही अडचण नाही. मला निवडणूक लढवायची आहे."

अण्णा हसले. "आपली संस्था म्हणजे एक कुटुंब. घरात कुठं निवडणूक असते का?" मग चहाचा घोट घेतला. "तुझी पोरगी दहावीला आहे ना आपल्याकडं? हुशार आहे म्हणतात."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. तोंडी परीक्षेचे मार्क शाळेच्या हातात असतात, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

ऑफिसात तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी बस म्हणालं नाही. टेबलावर सगळीकडे कपबशा. मी ट्रे पोटाशी आडवा धरला, त्यावर कागद ठेवला आणि उभ्याने सही केली. ट्रे ओला होता. कागदाला चहाचा गोल डाग पडला. तो बघून सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

आता मी अर्ज का भरला होता ते सांगते.

शाळेच्या कारभारी समितीवर आम्हा शिक्षकेतर लोकांचा एक प्रतिनिधी असतो. दर तीन वर्षांनी तो निवडायचा. आम्ही अकरा जण. पण निवडणूक कधी झालीच नव्हती. दर वेळी हेडक्लार्क, अण्णांचे मेव्हणे, बिनविरोध. फळ्यावर तसं लिहायचं, पेढे वाटायचे. किती गुण्यागोविंदानं नांदतात म्हणून बाहेरचे लोक कौतुक करायचे. मलाही त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

अण्णांच्या घरी काही कार्य निघालं की आम्हा चार बायकांना तिकडे पाठवायचे. भाकरी थापायला. मस्टरवर लिहायचे, 'शाळेच्या कामासाठी बाहेर.' अण्णांच्या मुलीच्या लग्नात आम्ही चार दिवस चुलीपुढे होतो. तिसऱ्या दिवशी महादेवीअक्काला फोन आला. अक्का आमच्यात सगळ्यांत थोरली, अक्कलकोटकडची. तिची आई गेली होती. अक्का पिठाच्या हातानंच अण्णांच्या बायकोपुढे जाऊन उभी राहिली. "अव्वा गेली माजी. जाऊ का?" बाई म्हणाल्या, "एवढी पंगत उठू दे, मग जा."

पंगत उठेपर्यंत अक्कानं भाकरी थापल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. गावी पोचली तेव्हा माती देऊन लोक परतले होते.

समितीवर गेले तर एकच गोष्ट मांडणार होते. शाळेतल्या बायकांनी कुणाच्या घरी राबायला जायचं नाही. अकरातल्या सात जणांनी शपथ घालून सांगितलं होतं, मत तुलाच.

सही केल्यावर दुसऱ्या दिवशी सभा. खुर्च्या मीच मांडल्या. हेडक्लार्क बिनविरोध. आणि मग अण्णांनी माझं नाव पुकारलं. मनाचा मोठेपणा दाखवल्याबद्दल माझा सत्कार! नारळ आणि सोलापुरी चादर. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. टाळ्या वाजल्या. त्या सातांनीही वाजवल्या. अक्का तेवढी खाली बघत होती, पण हात तिचेही हलत होते.

त्या आठवड्यात आप्पा, माझे वडील, आमच्या केम गावाहून आले होते. सगळा जन्म मेंढरांमागे गेला, लोकर त्यांना हातानं कळते. चादर चाचपून म्हणाले, "सूत बरं हाय की. कशापायी दिली?"

"चांगलं काम केलं म्हणून," मी म्हणाले.

आप्पा खूश झाले. माझी पोरगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शाळेत सगळ्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मग ती पुन्हा वहीत बघायला लागली. तिच्यासाठी सही केली आणि तिच्यासमोरच खोटं बोलले. ट्रेवर सही करताना वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली.

आमच्याकडे राज्यशास्त्राचे एक सर आहेत. त्या बैठकीत तेही होते, चौथा कप त्यांचा. बारावीच्या वर्गाबाहेर झाडताना मी त्यांचं शिकवणं ऐकते. आवाज खणखणीत. "चार माणसं एकत्र आली की राजकारण आलंच. संघर्ष टाळता येत नाही. संस्था असो की राष्ट्र." पोरं उतरून घेतात. आणि हेच सर मला जिन्यात गाठून म्हणाले होते, "मावशी, तुम्ही कशाला राजकारणात पडता?"

म्हणजे अटळ कुणासाठी? त्यांनी केलं तर तो विषय, मी केलं तर घरभेदीपणा.

पोरीची दहावी झाल्यावर, श्रावणात अण्णांकडे पूजा निघाली. आम्हाला निरोप आला. मी गेले नाही. मोठं धाडस वगैरे काही नव्हतं. पाय निघेनात, एवढंच. मस्टरवर 'शाळेत हजर' असं स्वतः लिहिलं आणि प्रयोगशाळेत जाऊन काचेची भांडी धूत बसले. बाकी तिघी गेल्या. अक्का जाताना म्हणाली, "रागावू नगंस. नोकरीची अडीच वरसं ऱ्हायलीत माजी. आता कुटं भांडत बसू?" माझीही सही त्या कागदावर होतीच.

आठ दिवसांत माझी गेटवर ड्यूटी लागली. गेटवर बसायला एक स्टूल होतं, ते उचलून नेलं. सोलापूरचं ऊन काही सांगायला नको. एप्रिलमध्ये तिथं उभं राहिलं की चपलेतून तळवा भाजतो. तक्रार कुणाकडे करायची? प्रतिनिधीकडे. प्रतिनिधी कोण? अण्णांचे मेव्हणे. अडीच वर्षं मी त्या गेटवर उभी आहे.

यंदा पुन्हा निवडणूक आली. पोरगी दहावी होऊन बाहेर पडली, कॉलेजात गेली. अक्का गेल्या महिन्यात रिटायर झाली. जाताना ती मला गेटवर भेटली आणि नुसता माझा हात दाबला. तिचं मतही गेलं. त्या सातांतले दोघं मला बघून रस्ता बदलतात.

तरी अर्ज भरला.

सर गाडी काढताना थांबले. "मावशी, एक मत पडेल. तुमचं तुम्हालाच."

"पडू द्या."

"उगीच संस्थेत कटुता येते हो."

"टळत नसते ती सर. तुम्हीच शिकवता."

सरांनी काच वर केली.

माघारीला अजून चार दिवस आहेत. बोलावणं येणार. चहा कर म्हणतील. करीन, ते माझं काम आहे. मग कागद पुढे येईल, याही वेळी टाईप केलेला. कुटुंबाची भाषा होईल. पण ते माझं घर नाही. माझ्या घरात चहा केल्यावर मला बसायला जागा असते.

या वेळी सही नाही.

मी हरणार आहे. पक्कं माहीत आहे. हरल्यावर गेटवरून कुठं पाठवतील तेही ठाऊक नाही, आणि भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. पण मला हरवायला त्यांना पेटी आणावी लागेल. चिठ्ठ्या वाटाव्या लागतील. सगळ्यांसमोर मोजाव्या लागतील. आणि फळ्यावर या वेळी 'बिनविरोध' लिहिता येणार नाही.

एक विरोधात होती, असं लिहावं लागेल.