बिबट्याचे चार फोटो

इंदापूरच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या मनिषा देवकाते महिन्यातून एका रविवारी एसटीने बारामतीला जात. तिथे डॉक्टर, वकील, शिक्षक, इंजिनिअर अशा पंचवीसेक जणांच्या मंडळाची बैठक भरे. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची तर कोणत्या अटींवर, याचे नियम ही मंडळी लिहीत आणि गावोगावच्या पंचायतींना पटवत फिरत. नरसिंहपूरच्या वाटेवरच्या मनिषाताईंच्या माहेरगावी, उसाच्या कडेला बिबट्या ओळखणारा कॅमेरा बसला, तेव्हा त्यांनी पंचायतीची या नियमांच्या सात कलमांवर सही घेतली होती. "बाई आता गावालाबी गृहपाठ देत्यात," म्हणून लोक हसले होते.

फेब्रुवारीत एकाच आठवड्यात त्या कॅमेऱ्याने गावभरच्या मोबाईलवर चार वेळा 'बिबट्या' असा इशारा धाडला. चारही वेळा पहाटे, आणि चारही वेळा बिरूतात्यांच्या मेंढ्यांपाशी. बिरूतात्या मनिषाताईंचे चुलते. आज याच्या, उद्या त्याच्या शेतात ते शंभर मेंढ्या बसवत; त्या आठवड्यात त्या उसालगतच्याच शेतांत होत्या. रानाला आयते लेंडीखत मिळे. आता गाव म्हणू लागले, मेंढ्यांच्या वासावर बिबट्या येतो, यांना हलवा. मंगळवारच्या ग्रामसभेत तसा ठराव होणार होता.

"मनिषे, घोड्यावर बिऱ्हाड लादू का?" तात्यांनी फोनवर विचारले. "तुझ्या चुलतीचा गुडघा न्हाय चालायचा आता."

मनिषाताई रजा टाकून आल्या. सरपंच सोपानराव ठराव वाचणार, तोच त्या उठल्या.

"इशारा जाण्याआधी माणसाने फोटो बघायचा, हे तिसरे कलम. कोणी बघितले?"

कोणीच बघितले नव्हते.

"चुलत्याची वकिली हाय ही!" सिंधुबाई मागून ओरडल्या.

"व्हय, हाय," मनिषाताई म्हणाल्या. "पण फोटो मागायचा हक्क तुमालाबी हाय, काकू."

त्यांनी कॅमेऱ्याच्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस टाळाटाळ करू लागला. मनिषाताईंनी त्याला पाचवे कलम वाचून दाखवले: गावातल्या कोणीही मागितले, की फोटो द्यायचे. फोटो यायला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास त्या दारापाशी येरझारा घालत राहिल्या. खरोखरच बिबट्या निघाला, तर आपण लिहिलेल्या कलमानेच तात्यांचे बिऱ्हाड उठणार होते.

प्रोजेक्टरवरून पहिला फोटो भिंतीवर उमटला. धुक्यात तांबूस अंग, त्यावर काळे ठिपके, मान खाली. मागच्यांनी बघायला माना उंचावल्या.

बिरूतात्या भिंतीपाशी गेले, डोळे बारीक करून उभे राहिले.

"आरं, ही तर आमची भोरी!"

लोकर कातरली की धनगर आपापल्या मेंढ्यांवर ओळखीची खूण करतात. यंदा तात्यांनी डांबराचे ठिपके दिले होते. आणि भोरी म्हणजे कळपातली सगळ्यात हावरी. उजाडायच्या आत उसाकडे पळणारी. उरलेल्या तिन्ही फोटोंतही तीच.

"सोपानराव, बिबट्या बें बें करतो का वो?" कोणीतरी विचारले, आणि सभा हसून हसून लोळली.

ठराव बारगळला. "पण आता फोटो बघायचे कुणी?" सोपानरावांनी विचारले.

"माझ्याकडं धाडा," सिंधुबाई म्हणाल्या. "मी पाचला उठतीच. तेवढं त्या भोरीला बांधा, तात्या!"

मनिषाताईंच्या पोटात सकाळपासून काही नव्हते. तात्यांच्या पालावर चुलतीने वाढलेल्या दोन भाकरी त्यांनी उभ्याउभ्याच संपवल्या, आणि मग बारामतीच्या मंडळाला फोन लावला.

"तिसऱ्या कलमात एक ओळ वाढवा. फोटो बघणाऱ्या माणसाचे नाव लिहायचे. आमच्या गावचे आत्ताच लिहून घ्या: सिंधुबाई."