पोत्यांच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

आमच्या शाळेत आवाज न घुमणारी खोली एकच होती, खिचडीच्या तांदळाची. पोती भिंतींना लागून छातीपर्यंत रचलेली असत. दार लावून घेतलं की बाहेरच्या पोरांचा गलका, झाडावरच्या साळुंक्यांची भांडणं, फाट्यावरच्या एसटीचा हॉर्न, सगळं मागे पडायचं. तिथेच आम्ही सातवीचं पॉडकास्ट रेकॉर्ड करायचो.

मी राहते पिपरी मेघेला. शिकवते ती शाळा समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावात. जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा तुकडा बसमध्ये जातो. त्या वेळात कानात इअरफोन घालून पॉडकास्ट ऐकायची सवय मला लागली होती. वाटलं, धडेही असेच ऐकवले तर? म्हणून एक दिवस लहानसा स्पीकर नेला आणि विज्ञानाचा एक भाग वर्गात लावला. बोलणारी बाई कुठल्या तरी मोठ्या शहरातली होती. माहिती चांगली होती, भाषा स्वच्छ होती, आणि निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहत होता.

मी स्पीकर बंद केला तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे बाई आपल्यासोबत नाई बोलून राह्यली. दुसऱ्याच कोणासोबत बोलून राह्यली."

"मग आपल्याशी कोण बोलणार?"

"आपणच बोलू न जी."

त्या मुलीला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार नवा नाही, गावोगाव एखाददुसरं घर असतंच. थंडी वाढली, ताप आला, जास्त धावपळ झाली की तिचे हातपाय आणि पाठ दुखायला लागायची. तशी दुखणी आली की ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. मैदानावर ती कधी उतरली नाही. पण आवाजाचं तिला फार कळायचं. किंचित घोगरा आवाज होता तिचा, आणि वाक्य सुरू करण्याआधी ती क्षणभर थांबायची. तेवढ्यानं ऐकणाराही थांबायचा. फोन कुणाच्या तोंडापासून किती लांब धरायचा, कोण घाई करतंय, कुणाचं पुन्हा घ्यायचं, हे सगळं तीच ठरवायची. वर्ग तिचं ऐकायचा.

पोरांनी आपल्या बोलीत धडे सांगायला सुरुवात केली. बोंडअळी कशी वाढते, ग्रहण काऊन लागते, असे भाग झाले. मी ते पालकांच्या ग्रुपवर टाकायची. शेतात कापूस वेचताना बायका फोन बांधावर ठेवून ऐकतात, असं कानावर यायचं. बरं वाटायचं.

रक्ताचा धडा आला तेव्हा ती माझ्याकडे आली. "मॅडम, हा मी एकटीच बोलू का?"

"बोल की."

"अन् हा ग्रुपवर नका टाकू. पालकसभेत लावजा. माही आजी येईन तवा."

मी कारण विचारलं नाही. तिनं तो भाग एका सकाळी एकाच दमात रेकॉर्ड केला, मध्ये न अडखळता. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, तिच्या विळ्यासारख्या वाकतात, मग बारीक नळ्यांत अडकतात आणि दुखते, असं तिनं सांगितलं. पुढे म्हणाली, "हे कसं येते? लेकराच्या वाट्याले दोन चिठ्ठ्या येतात. एक मायकडून, एक बापाकडून. माह्या दोन्ही चिठ्ठ्यायवर विळा निघाला. एकीवरच निघाला असता तं मले असं दुखलं नसतं. त्यात कोणाची चूक नाई. चिठ्ठी काही कोणी पाहून काढत नाई."

पालकसभेला तिची आई आणि आजी दोघी आल्या होत्या, पण एकमेकींपासून लांब बसल्या होत्या. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला त्या दिवशी कळली. पोरगी आजारी निघाल्यापासून आजी सुनेला एकच ऐकवायची की आमच्या घराण्यात हे कोणाले नवतं, तूच घेऊन आली. स्पीकरवर नातीचा आवाज संपला. आधी आजीच म्हणाली, "म्हंजे आमच्याहीकडून?"

"हो आजी," पोरगी जागेवरूनच म्हणाली. "बाबाकडूनबी."

आई उठून बाहेर गेली. नळावर तोंड धुऊन, पदरानं पुसून परत आली. बसली मात्र सासूच्या शेजारी. सासूनं थोडं सरकून जागा करून दिली.

थंडी पडली आणि पोरीला ताप आला. छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. वडिलांनी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. वर्गातल्या पोरांनी ठरवलं की तिच्यासाठी रोज रेकॉर्डिंग पाठवायचं, म्हणजे अभ्यास बुडणार नाही. पहिल्याच दिवशी वडिलांच्या फोनवरून तिचं उत्तर आलं. "धडे मी पुस्तकात वाचीन. वर्गात काय चालू हाय ते सांगा. अन् आवाज फुटून राह्यला, फोन दूर धरा."

मग पोरांनी तसंच केलं. छडी न उचलता माझ्या नुसत्या नजरेनं कोण कसं घाबरलं, खिचडी कशी करपली, शाळेच्या छपरावर माकडं कशी बसली, हे सगळं जाऊ लागलं. तिची उत्तरं येत होती. मग उत्तरं लहान होत गेली. मग नुसतं "ऐकलं" येऊ लागलं.

रविवारी मी भेटायला गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आजी पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती, आई उशाशी होती. वडील मला पाहून उभे राहिले, "जय भीम मॅडम" म्हणाले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. पोरीनं फोनकडे बोट दाखवलं. मी इअरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं, एक माझ्या. पोरं माकडांचं सांगत होती. मास्कच्या आत ती हसली असावी, कारण मास्क आतून धुरकट झाला.

त्याच आठवड्यात, शाळेची प्रार्थना संपत असताना फोन आला. ती गेली होती.

मी वर्गात जाऊन सांगितलं. पोरं रडली नाहीत, निदान लगेच नाही. फक्त बसून राहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आजचं आम्ही सकाळीच करून ठेवलं. पाठवायचं का?"

मला नाही म्हणवेना. "पाठवा," मी म्हणाले.

संध्याकाळी आम्ही सगळे गेलो. विहारापुढे पांढऱ्या साडीतल्या बायका बसल्या होत्या. वंदना झाली. पोरं ओळीत उभी होती, शाळेत प्रार्थनेला राहतात तशी.

काही आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले. तिची सगळी रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हमध्ये भरून नेली होती. वाटलं होतं, आईला आधार होईल. आईनं तो हातात घेतला आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला.

"मले तिचा आवाज ऐकवत नाई मॅडम. माह्या कानात तो तसाच हाय. फोनमधला ऐकला तं कानातला जाईन असं वाटते."

मी तो पर्समध्ये ठेवला. निघताना ती दारापर्यंत आली. "पोरायचं मात्र पाठवत जा. त्या दिवशीचं आलतं, ते मी ऐकलं. वर्गाचा आवाज आला. बरं वाटलं."

म्हणून पोरं वर्ष संपेपर्यंत रेकॉर्डिंग करत राहिली. आता ऐकणारी तिची आई होती, हे त्यांना मी सांगितलं होतं. गेलेल्या मैत्रिणीचं नाव पोरं घेत नसत, पण माकडांचं, खिचडीचं, परीक्षेचं सगळं सांगत. कुणी कुणी शेवटी हळूच म्हणायचं, "काकू, जेवजा."

मग परीक्षा झाल्या. आमची शाळा सातवीपर्यंतच. पोरं समुद्रपूरच्या हायस्कुलात गेली, काहींनी शाळा बदलताना उंचीही बदलली. नव्या सातवीला रक्ताचा धडा शिकवताना मी तिचा भाग लावला. त्यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही. पोरांनी शेवटपर्यंत ऐकला. एकानं विचारलं, "हे ताई आता कितवीत हाय जी?" मी सांगितलं. तो खाली बसला. त्यानंतर मी दर वर्षी भाग लावण्याआधीच सांगून टाकते.

ती पोरं गेली त्याच वर्षी, शाळा उघडून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा तिच्या आईचा फोन आला होता. "मॅडम, यंदा काही आलं नाई."

मी म्हटलं, "ती पोरं पुढे गेली हो. आता हायस्कुलात आहेत."

 पलीकडे कुठेतरी कुकरची शिटी होत होती.

"हो न," ती म्हणाली. "आता आठवीत असतील. मले ध्यानातच नाई राह्यलं." मग म्हणाली, "हे नवे पोट्टे माह्या ओळखीचे नाईत. पण त्यायले येत असन तं पाठवा."

दुसऱ्या दिवशी मी नव्या सातवीला तांदळाच्या खोलीत नेलं.