मामाचा डावा बर्नर

माझ्या मामाने आयुष्यात एकही वस्तू दुरुस्त केली नाही आणि एकही वस्तू दुसऱ्या कुणाला दुरुस्त करू दिली नाही. गोव्यात पेडण्याला त्याच्या घरात जे जे बिघडलं, ते त्याच्या देखरेखीखाली सुखाने बिघडलेलंच राहिलं. त्याचा रेडिओ थोबाडीत खाल्ल्याशिवाय बातम्या सांगत नसे, आणि छत्री एकदा उघडली की पाऊस थांबला तरी मिटत नसे, त्यामुळे लख्ख उन्हातही मामा ती डोक्यावर धरून रुबाबात बाजारातून परत येई. वस्तू बिघडली म्हणजे तिच्या मनात काहीतरी आहे, ते आधी समजून घ्यावं, एकदम हत्यारं घेऊन तिच्या अंगावर जाऊ नये, असं त्याचं मत होतं. "हात लावूं नाका, हांव पळयतां," एवढं म्हणून तो खुर्ची ओढायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि खरोखरच नुसता पाहत बसायचा. मी तेव्हा डिचोलीला एका खाणकंपनीच्या कचेरीत कारकून होतो. सुट्टीच्या दिवशी पेडण्याची बस पकडून मामीच्या हातचं जेवायला जायचो आणि जेवणाआधी मामाचं हे पाहणं पाहत बसायचो.

मामा मराठी शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाला होता, आणि मराठीवर त्याचा इतका जीव होता की तो तिला रोजच्या वापरात काढतच नसे. वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची ती मराठीत, सभेत बोलायचं ते मराठीत, देवाला गाऱ्हाणं घालायचं तेसुद्धा मराठीत. पण आंघोळीचं पाणी गार निघालं की तोंडातून यायची ती कोकणी. मराठी हीच आमची खरी भाषा कशी, हे तो मामीला तासन् तास कोकणीतून समजावून सांगायचा आणि मामी "जाल्यार तशें आसूं," म्हणजे असेल तर असू दे, म्हणून नारळ किसायची. मी एकदा धीर करून यातली गंमत त्याच्या लक्षात आणून दिली, तेव्हा माझ्याकडे दयेने बघत तो म्हणाला, "अरे, पितांबर नेसून कोण शेतांत वता?"

त्याचा एकुलता एक मित्र म्हणजे शेजारचे भाई. पोस्टात नोकरी करून घरी बसलेले, अंगाने फाटके, तोंडाने तिखट. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये दगडांचा एक बुटका गडगा होता, आणि इकडून तिकडे जाऊन जाऊन त्याचे दगड एका ठिकाणी ढासळून वाटच पडली होती. रोज संध्याकाळी भाई त्या वाटेने यायचे आणि मामाच्या सोप्यावर दोघांची बैठक बसायची. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, यावरून भाषेचं आंदोलन पेटलं आणि बैठकीचा आवाज वाढला, कारण भाई कोकणीचे. दोघेही कोकणीतूनच भांडत, एकाच ताटातल्या भाजलेल्या काजूंवर हात मारत भांडत आणि उठताना उद्याची वेळ ठरवून उठत. पण एके दिवशी भाई म्हणाले, "तुजी भास ती जाल्यार म्हाका मराठींत एक बरी गाळ घालून दाखय. अशी, पोटांतल्यान आयिल्ली." मामाने चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मग शिवी म्हणून त्याने भाईंना 'मूर्ख' म्हटलं. भाई इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ते हसत असतानाच मामा उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. मामाला वाटे भाईंनी येऊन दार ठोठावावं, आणि भाईंना वाटे ज्याने दार लावलं त्यानेच ते उघडावं. दोघांच्याही हट्टात काही कमी नव्हतं.

त्याच सुमारास, म्हणजे गोवा राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, मामाकडे गॅस आला. म्हापशाहून आलेली ती दोन बर्नरची शेगडी मामाने नव्या नवरीसारखी घरात घेतली. तोंडावर दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते, कोयती, कुऱ्हाड, आडाळी म्हणजे विळी, सगळ्यांची. मामाने त्या रांगेत गॅसची शेगडीही बसवली. सिलिंडरला झेंडूची माळ घातली, रेग्युलेटरला गंध लावलं, दोन्ही बर्नरना हळदकुंकू वाहिलं आणि डाव्यावर तर मूठभर अक्षता टाकल्या, कारण मामी मुख्य स्वयंपाक डाव्यावर करणार होती. त्या दिवसापासून डावा बर्नर रुसला. काडी लावली की नुसता फडफडायचा, एका बाजूने पिवळी जीभ काढायचा, दुसऱ्या बाजूने ढिम्म हलायचा नाही, आणि आपण वाकून बघायला गेलो की फट्कन विझून घरभर वास सोडायचा. उजवा मात्र छान निळा जळे.

मला जे पहिल्याच दिवशी कळलं ते तुम्हालाही आता कळलं असेल. मी म्हणालो, "मामा, अक्षता आत पडल्या असतील." मामा कडाडला, "देवाच्या अक्षतांनी कधी विघ्न येत नाही!" हे वाक्य त्याने शुद्ध मराठीत उच्चारलं, म्हणजे विषय संपला. मग त्याचं पाहणं सुरू झालं. आधी रेग्युलेटरवर संशय. मग रबराच्या नळीला साबणाचा फेस लावून तो बुडबुडे येतात का ते बघत बसला, आणि बुडबुडा आला नाही म्हणून नाराज झाला. मग त्याने कॉकला खोबरेल लावलं. शेवटी मोप्याच्या सड्यावरून, तिथल्या उघड्या पठारावरून, येणारा वारा स्वयंपाकघरात घुसून नेमका डाव्याच बर्नरवर फुंकर मारतो, असा शोध लावून त्याने सगळ्या खिडक्या बंद करवल्या. मामी घामाने निथळत काडी ओढायची आणि मामा शेगडीभोवती वर्तमानपत्र धरून उभा राहायचा. सगळं करून झालं, फक्त बर्नर उचलून पालथा घालणं तेवढं राहिलं. गॅसवाल्या एजन्सीचा माणूस एकदा आला होता. त्याला मामाने सोप्यावर बसवून चहा पाजला, ज्वलन म्हणजे काय ते समजावून सांगितलं आणि शेगडीचं तोंडही न दाखवता परत पाठवलं.

मामी काय करणार? एका बर्नरवर भात होईपर्यंत मामाची भूक घरभर फिरायची. एके दिवशी तिने वाटप घातलेलं हुमणाचं आयदन, म्हणजे माशाच्या कालवणाचं भांडं, उचललं आणि गडग्याच्या वाटेने सरळ भाईंच्या घरी गेली. भाईंच्या बायकोने, वयनीने, काही न विचारता आपल्या शेगडीवर जागा करून दिली. तिथून तो रिवाजच पडला. भात घरच्या उजव्या बर्नरवर आणि हुमण भाईंच्या घरी; त्यातलं मीठ आणि सोलं, म्हणजे आमसुलं, तीही वयनीच्याच हातची. आंदोलन थांबलं, कायदा झाला, राज्य झालं, आणि मामाच्या ताटात रोज भात मराठीच्या घरचा आणि हुमण कोकणीच्या घरचं असं एकत्र कालवलं जात राहिलं. मामा बोटं चाटत म्हणायचा, "हुमण बरें जालां गो." मामी माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची. मला हसू आवरत नसे. या माणसाला जगात कशाचाच पत्ता नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

वर्षं गेली. डावा बर्नर पेटला नाही आणि दोन मित्र बोलले नाहीत. मग एका सकाळी कचेरीत निरोप आला की भाई गेले. रात्री जेवले, झोपले आणि उठलेच नाहीत. मी पेडण्याला पोचलो तेव्हा भाईंचं अंगण माणसांनी भरलं होतं आणि मामा स्वतःच्या सोप्यावर एकटाच बसला होता. मला वाटलं तो जाणारच नाही. पण तिरडी उठली तसा तो उठला आणि सगळ्यांच्या मागून स्मशानापर्यंत चालत गेला. खांदा द्यायला कुणी बोलावलं नाही आणि तो आपणहून पुढे झाला नाही.

परत येऊन आंघोळ करून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं असतं, आणि भाईंच्या शेजारी आम्हीच. मामी शेगडीपुढे पदर डोळ्यांना लावून उभी होती. "मुंबयसावन माणसां आयल्यांत," ती म्हणाली, "पेज करची, उसळ करची. एका बर्नरार हांव कितें कितें करूं? आनी आज थंय तरी खंयच्या तोंडान वचूं?"

मामा पुढे आला. त्याने चष्मा कपाळावर चढवला नाही की खुर्ची ओढली नाही. सिलिंडर बंद केला, डावा बर्नर उचलला, पालथा घातला आणि ओट्यावर आपटला. आतून कुंकवाने काळपट पडलेले तांदूळ घरंगळले. फुंकर मारून त्याने बर्नर जागेवर बसवला आणि काडी लावली. गोल, निळी, शांत ज्योत. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"तुमकां ठावूक आसलें?" मामीने विचारलं.

"पयले दिसासावन," मामा म्हणाला. "तुजें थंय वचपय ठावूक आसलें. सोलां वयनीच्या हातचीं, तीं म्हाका कळचीं नात? हो बर्नर पेटलो आसतो जाल्यार तूं थंय कित्याक गेलें आसतें? मागीर दोनूय घरांमदीं कितेंच उरलें नासतें."

मामीने पदर तोंडात धरला. दोन्ही बर्नरवर पातेली चढली. पेज झाली तशी मामाने ती दोन फडक्यांत धरली आणि मागच्या दाराने, गडग्याच्या वाटेने तो निघाला. मी उसळीचं पातेलं घेऊन त्याच्या मागे होतो. वयनी भिंतीला टेकून बसली होती. मामाला आत आलेलं बघून तिने डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "मास्तर, रोज सकाळीं हे म्हाका सांगताले, ताच्या हुमणांत मीठ उणें घाल, ताका प्रेशर आसा. कालूय सांगलें."

मामाने पेजेचं पातेलं तिच्यापुढे खाली ठेवलं. तो तिथेच जमिनीवर बसला, लहान मुलासारखा रडला, आणि बायकांनी त्याला रडू दिलं.

संध्याकाळी आम्ही मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो. आत मामीचा चहा चढला होता. मामाची मी इतकी वर्षं थट्टा केली, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं. गडग्याकडे बघत तो बोलला. "तो म्हजें मीठ सांबाळटालो. आनी हांव ताच्या घरचें हुमण रोज जेवलों, रोज तुजे मामयेक म्हणलें बरें जालां. ताका वचून सांगूंक जाय आसलें. पळय, गडगो हो हांगा आसा. वचून येवपाक कितलो वेळ लागतलो आसलो?"

गडगा खरंच हातभर अंतरावर होता.