पायरीवरच्या काकू

देवळात कौल लावायला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवणारी गुरवीण मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या काकू. नवरा आत गाभाऱ्यात ओली फुलं घेऊन बसलेला आणि बायको बाहेर पायरीवर सुपात तांदूळ घेऊन. आत जायचं तर त्या सुपाला वळसा घालूनच जावं लागे, आणि काकू सहजासहजी वळसा घालू देत नसत. नाना गुरव लटक्या रागानं म्हणायचे, "लोकांच्या बायका दुकान चालवायला हातभार लावतात. आमची कुलूप घेऊन बसलीय."

आमचं गाव किहीमच्या मागच्या अंगाला, भातशेतीच्या बाजूला आहे. कौल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रामदेवतेच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओली तगरीची फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सोयरीक असो, नोकरी असो, आजारपण असो, आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पोरं उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवतात, खिशात दोन-दोन मोबाइल असतात, पण नवीन गाडी घ्यायची तर आधी नानांकडे येतात.

काकूंचं म्हणणं एवढंच, की देवासमोर एकच प्रश्न न्यायचा आणि तो आपला स्वतःचा पाहिजे. भावकीचा, शेजाऱ्याचा, बायकोचा प्रश्न आपल्या तोंडून चालायचा नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. मी अलिबागच्या कोर्टात लघुलेखक आहे, दिवसभर माणसांना प्रश्न विचारलेले ऐकते, त्यामुळे छातीवर हात ठेवून सांगते, स्वतःचा प्रश्न ठाऊक असलेला माणूस हजारात एखादा. बाकी सगळे दुसऱ्याचं काहीतरी हातात घेऊन उभे असतात.

एकदा एक सासरेबुवा तावातावानं आले. सुनेनं घरावर करणी केली आहे का, हे विचारायचं होतं. काकूंनी मान वर न करता विचारलं, "सून जेवते काय धड?" सासरेबुवा म्हणाले, त्याचा इथं काय संबंध? "न्हाय, बारीक झालीय बरीच. परवा विहिरीवर दिसली." मग पोरगा कुठं असतो, घरी कधी येतो, आल्यावर कुणाशी बोलतो, असं एकेक. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही, बोटानं खडा बाजूला सारायचा आणि पुढचं विचारायचं. अर्ध्या तासानं सासरेबुवा तिथंच बसून डोळे पुसत होते. मुलगा आपल्याशी बोलत नाही, हे त्यांचं खरं दुखणं निघालं. "आता जा आत आन् ह्ये इचारा," काकू म्हणाल्या. ते आत गेलेच नाहीत. चप्पल घालून सरळ घरी गेले, आणि नानांनी भिजवलेली फुलं तशीच राहिली.

हल्ली किनाऱ्यालगतच्या बंगल्यांतून स्वतःला शोधण्याची शिबिरं भरतात. चटया, मेणबत्त्या, मंद बासरी. मी चेष्टा करत नाही, लोकांना त्यातून काही मिळत असेल म्हणूनच ते येतात. आमच्याकडे सूप होतं आणि काकू होत्या. बासरीची जागा नानांच्या खोकल्यानं भरून काढली होती.

प्रश्न घेऊन जायची माझी वेळ आली तेव्हा मी तिशीला टेकले होते. पुण्याचं स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती, आणि माझं उत्तर येत नव्हतं. आईनं वैतागून मला देवळात ओढत नेलं. काकूंनी आईला प्रदक्षिणा घालायला पाठवलं आणि मला समोर बसवलं.

"काय इचारायचंय बाय?"

"लग्न करू की नको."

"ह्यो आयशीचा प्रश्न. तुझा कनचा?"

मी म्हटलं, मी गेले तर आई एकटी पडेल, बाबा नाहीत, तिचं गुडघ्याचं दुखणं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आय बोलली काय तुला, थांब म्हणून?" नाही बोलली. "मग तिचं नाव फुडं कशाला करतंस?" मला संताप आला. मी उठून घरी आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, उजवं फूल पडलेलं डोळ्यांपुढं आणल्यावर छातीत काय होतं. मी म्हटलं, काही होत नाही. ते खोटं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं, पण त्यांनी मला पकडलं नाही. फक्त म्हणाल्या, "घरी जाऊन परत बघ."

असे बरेच रविवार गेले. एके दिवशी सुपातले तांदूळ निवडता निवडता माझ्या तोंडून निघून गेलं, की मला लग्नच करायचं नाही. मुलगा वाईट नाही, आईचं कारण नाही, मला माझी नोकरी आवडते, संध्याकाळी बंदरावर एकटीनं चालायला आवडतं, आणि हे असंच राहावंसं वाटतं. बोलून झाल्यावर मीच घाबरले. आमच्या गावात मुलीनं असं म्हणायचं नसतं. काकू शांतपणे म्हणाल्या, "व्हय. आता ह्ये आयशीला सांग. देवाचं काय काम न्हाय ह्यात." आई पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मी केलं ते बरोबर होतं का, ते अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ते माझं होतं, एवढं नक्की. ते कुणी हिरावून घेऊ शकलेलं नाही, आणि त्यासाठी मी काकूंचे पाय धुऊन पाणी प्यायले तरी कमीच आहे.

नाना वरवर कुरकुरत, पण काकूंनी मान डोलावल्याशिवाय त्यांनी कधी फूल लावलं नाही. गाभाऱ्यातून बाहेर बघायचे, पायरीवरून खूण आली की मगच हात पुढं. "माझ्या दगडाला बोलायला येळ लागतो, हिला लागत न्हाय," असं आल्यागेल्याला सांगायचे, आणि सांगताना असे खुलायचे की जणू हिला त्यांनीच घडवलंय.

दोन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत सकाळी पाषाणाला पाणी घालताना नाना गाभाऱ्यातच कोसळले. अर्धांगवायू. अलिबागच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून घरी आणले तेव्हा उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, आणि घास गिळता येईना. पेज चमच्यानं भरवावी तर अर्धी ठसक्यात जायची. डॉक्टर भले होते. त्यांनी महेशला, काकूंच्या मुलाला, बसवून सांगितलं की मुंबईला नेऊन पोटात अन्नाची नळी बसवता येईल, मग आणखी जगतील, पण बिछान्यातून उठणार नाहीत, माणसं ओळखतील असंही वाटत नाही. न्यायचं नसेल तर घरीच ठेवा, भरवता येईल तेवढं भरवा. "दोन्हीत चूक काही नाही. घरच्यांनी ठरवायचं. मात्र फार वेळ लावू नका."

महेश ट्रेलर चालवणारा रांगडा गडी, पण आईपुढं त्याचं काही चालत नसे. तो म्हणाला, "आये, तू बोलशील तसं." मांडव्याहून रो-रो बोटीनं गाडी न्यायची तयारी त्यानं करून ठेवली. आणि काकू काही बोलेनात. एक दिवस गेला, आठवडा गेला. मग महेशनं मला फोन केला. "ताई, तू येऊन बस तिच्याजवळ. तू तिच्याच तालमीतली. तिला इचार, जसं ती इचारते."

मी गेले. दुपार होती, पडवीत नानांची खाट टाकली होती आणि काकू त्यांच्या तोंडात पेजेचं थेंब थेंब पाणी सोडत होत्या. मी जवळ बसले आणि त्यांनीच शिकवलेलं सगळं त्यांच्यावर चालवून पाहिलं. कुणासाठी नेताय? न नेलं तर कुणाची भीती वाटते, लोकांची की महेशची? नेलेलं डोळ्यांपुढं आणलं की काय होतं?

काकूंनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. कुठंही आडपडदा नाही. "नेला तर त्याचे हाल व्हतील ते मला दिसतंय. न्हाय नेला तर ह्यो माझ्या हातावर उपाशी जाईल, ते पण दिसतंय. लोकांचं मला काय न्हाय. म्हेशाचं पण काय न्हाय. सुटावा असं वाटतं. आन् ऱ्हावा असं पण वाटतं, नुसता पडलेला ऱ्हावा, पण ऱ्हावा. रडू कशानं येतं म्हणशील तर दोन्हीनं येतं."

"मग, काकू?"

"मग काय. ह्याच्या फुडं मला येत न्हाय."

मलाही ह्याच्या पुढं येत नव्हतं. माझ्यापाशी जे काही होतं ते त्यांच्याकडूनच आलेलं, दुसरीकडून आणणार कुठून?

मग दिनेशनं, नानांच्या पुतण्यानं, मन घट्ट करून सुचवलं की कौल लावू. पूजा आता त्याच्याकडे आली होती. काकूंनी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि देवळात गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना प्रश्न घेऊन पायरी चढताना मी पहिल्यांदा पाहत होते. दिनेशनं फुलं ओली करून लावायला घेतली. "बोल काकी, काय इचारू?" काकूंनी हात जोडले, तोंड उघडलं. त्यांचे ओठ हलत होते आणि शब्द काही बाहेर येत नव्हता. दिनेश फुलं धरून तसाच ताटकळला, त्याच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं. शेवटी काकूंनी हात सोडले. "प्रश्न व्हत न्हाय रं," एवढं म्हणाल्या आणि घरी परत आल्या.

मला त्यांचा राग आला होता, हे सांगायलाच हवं. गावाला ज्यांनी सोडलं नाही, मला ज्यांनी सोडलं नाही, त्या आज स्वतःच पाय मागं घेतात म्हणजे काय! मी म्हटलं, "काकू, काहीही ठरवा हो, पण ठरवा. वेळ चाललाय." त्यांनी नानांच्या हनुवटीवरून ओघळलेली पेज पदरानं पुसली. "व्हय बाय," त्या म्हणाल्या, "चाललाय." आणि पुन्हा चमचा भरला. माझा राग तिथल्या तिथं विरला. नुसतं बघत बसण्यावाचून माझ्या हाती काही उरलं नव्हतं. महेश अंगणात गाडीच्या चाव्या हातात खेळवत फेऱ्या मारत होता, त्याच्याही हाती काही नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी नानांची छाती कफानं भरली. सकाळी घरघर सुरू झाली आणि दुपारचं जेवण कुणी वाढायच्या आत सगळं संपलं. ठरवायची वेळच आली नाही. सांत्वनाला आलेली माणसं म्हणाली, सुटले बिचारे. म्हणाली, तुमच्यावर आणलं नाही देवानं, त्यानंच ठरवून टाकलं. काकू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मान हलवायच्या नाहीत.

आता देवळात कौल झटपट लागतो. दिनेश चांगला मुलगा आहे, कुणाला अडवत नाही, अडलेलं माणूस गाभाऱ्यात जातं, विचारतं आणि होकार-नकार घेऊन बाहेर येतं. लोक खूश आहेत. पायरीवर चपला असतात. काकू घरीच असतात. कुणी जुनं माणूस सल्ल्यासारखं काही विचारायला ओटीवर टेकलंच, तर त्या चहा करतात, पोराबाळांची चौकशी करतात आणि पुढचं काही विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, माझ्या आईच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. मी निघायला उठले तेव्हा काकूंनी माझा हात धरून मला पुन्हा खाली बसवलं. त्यांचा हात खूप हलका झाला आहे.

"बाय, तू व्हतीस ना तवा माझ्याजवळ. सगळं ऐकलंस. एक सांग. मी म्हेशाला काय सांगणार व्हते गं? नेणार व्हते, का ठेवणार व्हते?"

मी "नेणार होतात" म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. "ठेवणार होतात" म्हटलं असतं तर तेही मानलं असतं. मी जे देईन ते त्या उरलेल्या आयुष्यासाठी पदरात घेऊन बसल्या असत्या, असा तो चेहरा होता. दुसऱ्याचं उत्तर आपलं म्हणून घेणाऱ्यांना ज्यांनी जन्मभर परत पाठवलं, त्यांना मी खोटं कसं सांगणार? आणि खरं काय ते मला कुठं माहीत होतं?

"नाही कळलं मला, काकू," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, "मला वाटलं, तुला तरी दिसलं असंल."